रुग्णालयातील औषधनिर्माता आणि आपले चिकित्साचतुष्पाद

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. द्रव्याचे चार गुण, म्हणजे बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्, हेही परीक्षेत लिहून आपण गुण मिळविले. परंतु आजच्या एखाद्या आयुर्वेदीय रुग्णालयात उभे राहून या चार पादांकडे पाहिले, तर मनात एक प्रश्न येतो. भिषक् आपल्या कक्षात आहे, उपस्थाता परिचारिकेच्या रूपाने आंतररुग्ण विभागात आहे, रोगी समोर बसलेला आहे; द्रव्याची काळजी वाहणारा मात्र कोण आहे? बहुतेक ठिकाणी औषधाच्या खिडकीत एखादा होतकरू मुलगा बसलेला असतो. त्याला औषधांची ओळख डबीच्या रंगावरून आणि फळीवरील जागेवरून झालेली असते. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही. प्रश्न आहे तो आपण त्याच्यावर टाकलेल्या जबाबदारीचा.

एक प्रसंग सांगतो. चूक आमच्याच हातून घडली होती, त्यामुळे ती सांगताना दुसऱ्या कोणाचा उपमर्द होण्याची भीती नाही. पाचव्या महिन्यातील एक गर्भिणी आम्लपित्ताच्या त्रासासाठी आमच्याकडे येत असे. तिला लघुसूतशेखर चालू होते व त्याने तिला बरे वाटत होते. पुढच्या खेपेला, बाह्यरुग्ण विभागात गर्दी असताना, आम्ही चिठ्ठीवर घाईने ‘ल. सूतशेखर’ असे लिहिले. तो ‘ल’ इतका बारीक उमटला की खिडकीतल्या मुलाने तो वाचलाच नाही आणि सूतशेखराची पुडी बांधून दिली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीची सासू पुडी घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. “डॉक्टर, मागल्या खेपेला गेरूच्या रंगाची गोळी होती, ही काळी कशी? म्हणून मी सुनेला एकही दिली नाही,” असे ती म्हणाली.

वाचक वैद्यांना यातील फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. लघुसूतशेखरात सुवर्णगैरिक, शुंठी आणि नागवेलीच्या रसाची भावना एवढेच असते. सूतशेखरात कज्जली, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धत्तूरबीज असते. एका अक्षराने औषधाची जातच बदलली. आमची पदवी, आमचा अनुभव, रुग्णालयाची पाटी यांपैकी काहीही त्या दिवशी कामी आले नाही. त्या गर्भिणीचे रक्षण झाले ते एका शेतकरी कुटुंबातील वृद्ध बाईला गोळीचा रंग लक्षात राहिला म्हणून. त्या दिवशी आमच्या रुग्णालयातील औषधनिर्मात्याचे काम तिने केले. त्या दिवसापासून आमचे एक मत बनले आहे आणि तेच या लेखातून मांडावयाचे आहे. आयुर्वेदीय रुग्णालयात औषधाच्या सुरक्षिततेची आणि औषधखर्चाची जबाबदारी एका शिक्षित, अधिकारयुक्त औषधनिर्मात्याकडे असली पाहिजे. आणि या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या नसून एकच आहेत.

ही जागा रिकामी का राहिली, याचा थोडा विचार करू. पूर्वीचा वैद्य स्वतः वनस्पती ओळखून आणीत असे, स्वतः खलात घोटीत असे आणि स्वतःच्या हाताने पुडी बांधून देत असे. लिहिणारा, बनविणारा आणि देणारा एकच असल्याने मध्ये चुकीला जागा कमी होती. पुढे औषधनिर्मिती कारखान्यात गेली. पनवेलचे श्रीधूतपापेश्वर 1872 सालचे, पुण्याची आयुर्वेद रसशाळा 1935 सालची. या संस्थांनी वैद्यांवर मोठे उपकार केले, यात वाद नाही. परंतु निर्मिती वैद्याच्या हातातून गेली, रुग्णालये मोठी झाली, चिठ्ठी लिहिणारा एक आणि पुडी देणारा दुसरा झाला, तरी मधल्या जागेवर जाणकार माणूस नेमण्याचे आपल्या ध्यानात आले नाही.

कायद्यानेही आपल्याला तशी सक्ती केली नाही. अ‍ॅलोपॅथीच्या औषधविक्रीला परवाना लागतो आणि चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावे लागते. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 1964 च्या दुरुस्तीने आपल्या औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, त्यानुसार निर्मितीला परवाना आवश्यक झाला; विक्रीला मात्र नाही. भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथी यांच्या फार्मसी शिक्षणाचे व व्यवसायाचे नियमन करण्यासाठी 2005 साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. हे मोकळेपण काहींना सोयीचे वाटते. आम्हांला ते धोक्याचे वाटते. कायद्याने बांधले नाही तेथे शास्त्राने स्वतःला बांधून घेतले पाहिजे.

आता या औषधनिर्मात्याने करावयाचे काय, ते पाहू. त्याचे पहिले काम म्हणजे चिठ्ठी वाचणे. येथे वाचणे या शब्दाचा अर्थ अक्षर लावणे एवढाच नाही. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत नावाचा फरक एका ‘महा’चा आहे, पण महायोगराजात वंग, नाग, रौप्य, लोह इत्यादी भस्मे व रससिंदूर आहे. चंद्रप्रभा आणि चंद्रकला, लघुमालिनी वसंत आणि सुवर्णमालिनी वसंत, श्वासकुठार आणि श्वासकासचिंतामणी, अशा जोड्या प्रत्येक औषधालयात शेजारी शेजारी ठेवलेल्या आढळतात, कारण फळीवरची मांडणी अकारविल्हे केलेली असते. ती मांडणी मोडून सारख्या नावांची औषधे दूर ठेवणे आणि रसकल्पांना वेगळे, कुलूपबंद कपाट देणे, हे काम एका दुपारचे आहे. पण ते सुचण्यासाठी त्या नावांमागचे द्रव्य माहीत असणारा माणूस हवा.

दुसरे काम बेरजेचे. तापाच्या रुग्णाला त्रिभुवनकीर्ती, जुलाब होतात म्हणून आनंदभैरव आणि पित्तासाठी सूतशेखर, अशी तीन औषधे एकाच चिठ्ठीत लिहिली जातात. प्रत्येक औषधाची मात्रा स्वतंत्रपणे पाहिली तर ती योग्य असते. परंतु तिन्हींत वत्सनाभ आहे. वैद्याने तीन कल्प मोजले, शरीराला मात्र एकूण वत्सनाभ मोजावा लागतो. तीच गोष्ट पारदाच्या कल्पांची. वृद्ध, क्षीण अथवा वृक्कविकाराच्या रुग्णात अशी बेरीज करणे किती आवश्यक आहे, हे सांगावयास नको. वत्सनाभ, धत्तूर, जयपाल, पारद यांसारख्या द्रव्यांची यादी नियमांच्या ‘ई-1’ परिशिष्टात आहे आणि ती असलेल्या आभ्यंतर औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. आपल्या खिडकीतून सुट्या गोळ्या कागदी पुडीत बांधून जातात, तेव्हा ती सूचना डब्यावरच राहते. पुडीवर ती लिहिणार कोण?

तिसरे काम रुग्णाच्या दुसऱ्या पिशवीत डोकावण्याचे. आज आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेक जण मधुमेहाची, रक्तदाबाची, हृदयविकाराची आधुनिक औषधे घेत असतात आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. अविपत्तिकर चूर्णाचे निम्मे वजन साखरेचे असते. सितोपलादीत निम्म्याहून किंचित अधिक. मधुमेही रुग्णाला सितोपलादी मधातून चाटविताना आपण काय देत आहोत, याचे भान राहावयास हवे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते; रुग्ण डिगॉक्सिन किंवा लघवीची गोळी घेत असेल तर धोका वाढतो. इसबगोल दुसऱ्या औषधाबरोबरच घेतले तर त्या औषधाचे शोषण मंदावू शकते. दोहोंमध्ये अंतर ठेवले की प्रश्न सुटतो. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, तेव्हा मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या रुग्णाला ती देताना सावध राहिले पाहिजे. हे सर्व वैद्याला ठाऊक असते, असावेही. पण सायंकाळी सात वाजता चाळिसाव्या रुग्णासमोर ते आठवेलच असे नाही. दुसरा जाणता डोळा हवा तो यासाठी.

ही चिंता केवळ आपल्या शास्त्राची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याचा जागतिक उपक्रम हाती घेतला, तेव्हा औषधविषयक चुकांमुळे जगाला दरवर्षी सुमारे 42 अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो असा अंदाज तिने दिला होता. सुरक्षितता आणि खर्च यांचे नाते त्या एका आकड्यातच दिसते. ज्यांच्याकडे शिक्षित फार्मासिस्ट आहेत त्यांच्याकडेही चुका होतात. आपल्याकडे त्या होत नाहीत असे आपल्याला वाटते, याचे कारण आपण त्या नोंदवीत नाही.

आता खर्चाकडे वळू. औषधालयाचा हिशेब म्हणजे खरेदीतून विक्री वजा करणे, अशी आपली समजूत आहे. खरे नुकसान फळीवर होते. मार्चअखेर जवळ आली की कंपनीचा प्रतिनिधी येतो, ‘दहावर दोन’ची स्कीम सांगतो आणि वर्षभर पुरेल इतके चूर्ण एकदम घेतले जाते. पावसाळ्यात त्याचे गोळे होतात, क्वचित जाळी धरते. गुग्गुळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात. फुकट आलेले दोन डबे मग दहा डब्यांना घेऊन बुडतात. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे सांगितले, गुटी व लेह यांना वर्षाची मर्यादा घातली आणि आसव, धातू व रस जुने होतील तसे गुणाधिक होतात असे म्हटले. आजच्या नियमानेही चूर्णाला 2 वर्षे तर आसवारिष्टांना 10 वर्षे मुदत दिली आहे. म्हणजे काय थोडे थोडे घ्यावे आणि काय साठवावे, याचे मार्गदर्शन शास्त्रात व कायद्यात दोन्हीकडे आहे. आपण मात्र दोन्ही बाजूला ठेवून स्कीमप्रमाणे साठा करतो.

जाणकार औषधनिर्माता साठ्याची दोन प्रकारे विभागणी करतो. पहिली पैशाच्या हिशेबाने: सुवर्णकल्पांसारखी मोजकी औषधे भांडवलाचा मोठा भाग अडवून ठेवतात, त्यांची मोजणी रोज व्हावी, हरीतकी-शुंठीसारख्या स्वस्त औषधांची महिन्यातून एकदा पुरे. दुसरी गरजेच्या हिशेबाने: काही औषधे एक दिवसही नसून चालत नाहीत, काही आवश्यक आहेत, काही असली तर बरे. या दोन्ही विभागण्या एकत्र ठेवल्या की कोणते औषध किती मागवायचे ते कागदावरच दिसते. मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढावा, हा साधा नियम पाळला तरी वर्षाच्या शेवटी फेकावी लागणारी टोपली निम्मी रिकामी होते, असा आमचा अनुभव आहे.

रुग्णाच्या खिशाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. एका चिठ्ठीत त्रिफळा चूर्ण, त्रिफळा गुग्गुळ आणि गंधर्वहरीतकी अशी तिन्ही असतात, तेव्हा रुग्ण हिरड्याचे पैसे तीनदा देतो आणि शौचालाही जास्त वेळा जातो. ‘सूतशेखर’ एवढेच लिहिले आणि साधा की सुवर्णयुक्त हे लिहिले नाही, तर खिडकीतून महाग डबी निघण्याचा संभव अधिक. अशा वेळी औषधनिर्मात्याने “वैद्यराज, यातले एक कमी करावयाचे का?” किंवा “साधा चालेल का?” असे विचारले, तर एकाच प्रश्नात मात्राही सुधारते आणि बिलही उतरते. सुरक्षितता व काटकसर या गोष्टी एकच आहेत असे वर म्हटले ते याच अर्थाने. मात्र औषध बदलण्याचा निर्णय वैद्याचाच. न विचारता एका औषधाऐवजी दुसरे देण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप वैद्यांचा: आमच्या चिठ्ठीवर प्रश्न विचारणारा हा कोण? आमचे उत्तर असे की, ज्या प्रसंगाचे वर्णन आम्ही केले त्यात प्रश्न विचारणारी बाई निरक्षर होती आणि आम्ही तिचे ऋणी आहोत. प्रश्नाने मान जात नाही, चुकीने जातो. दुसरा आक्षेप खर्चाचा: लहान रुग्णालयाला वेगळा पगार परवडत नाही. तो काही अंशी खरा आहे. दहा-पंधरा खाटांच्या चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक औषधनिर्माता ठेवावा; त्याने वारीनुसार प्रत्येक ठिकाणी साठा तपासावा, खिडकीवरच्या मुलाला शिकवावे आणि शंकास्पद चिठ्ठ्यांसाठी दूरध्वनीवर उपलब्ध राहावे. तिसरा आक्षेप औषधालयांच्या मालकांचा असेल आणि तो उघडपणे बोलला जाणार नाही: असा माणूस विक्री कमी करील. होय, काही विक्री कमी होईल. म्हणूनच त्याचा मेहनताना विक्रीच्या टक्केवारीवर ठरू नये. ज्याचे पोट खपावर अवलंबून आहे त्याने खप तपासावा, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. परंतु मालक बंधूंनी दुसऱ्या बाजूचाही विचार करावा. एका चुकीच्या पुडीची बातमी गावात पसरली तर जी विक्री कमी होते, ती कोणत्याही स्कीमने भरून निघत नाही.

माणसे कोठून आणावयाची, हाही प्रश्न विचारला जातो. आयुर्वेदीय फार्मसीचे पदवी व पदविका अभ्यासक्रम जामनगरसारख्या ठिकाणी आहेत, पण तेथून सर्वांना पुरतील इतकी माणसे मिळणार नाहीत. मात्र रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयात एम.डी. झालेले आपले कितीतरी पदवीधर केवळ अध्यापनाकडे किंवा कारखान्याकडे वळतात. रुग्णालयातील औषधी विभागाचे प्रमुखपद ही त्यांची हक्काची जागा आहे. त्यांच्या हाताखाली डी.फार्म. झालेल्या तरुणांना आपल्या कल्पांची ओळख करून दिली, तर दोन्ही शास्त्रांची औषधे जाणणारी माणसे तयार होतील. आपल्या संघटनेने अशा वर्गाची आखणी करावी, अशी आमची विनंती आहे.

तोपर्यंत प्रत्येक रुग्णालयाला पुढील गोष्टी उद्यापासून करता येतील:

1. चिठ्ठीवर औषधाचे पूर्ण नाव, मात्रा, काळ, अनुपान व दिवस लिहावेत. ‘लघु’, ‘महा’, ‘साधा’, ‘सुवर्णयुक्त’ ही पदे कधीही संक्षेपाने लिहू नयेत.

2. रसकल्प व ‘ई-1’ परिशिष्टातील द्रव्ये असलेली औषधे वेगळ्या कपाटात ठेवावीत; ती देताना दोघांनी तपासावीत आणि पुडीवर सूचना लिहावी.

3. गर्भिणी, सूतिका, बालक, वृद्ध, तसेच यकृत-वृक्कविकाराचे रुग्ण यांच्या चिठ्ठीवर ठळक खूण असावी.

4. दिलेल्या औषधाचा बॅच क्रमांक नोंदवहीत लिहावा. तक्रार आली तर मूळ शोधता येते.

5. रुग्णालयाने वैद्य, औषधनिर्माता व परिचारिका यांची लहान समिती नेमून आपली औषधसूची ठरवावी. सूचीबाहेरचे औषध घ्यावयाचे तर कारण लिहावे.

6. चूक किंवा दुष्परिणाम घडल्यास नाव न घेता नोंद करावी, महिन्यातून एकदा त्यावर बोलावे आणि दुष्परिणाम औषधदक्षता केंद्राला कळवावा.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. आपल्या औषधांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम 2008 साली जामनगर येथे केंद्र ठेवून सुरू झाला. पुढे आयुष मंत्रालयाने त्याची नव्याने मांडणी केली आणि नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र झाले. व्यवस्था उभी आहे. तिच्याकडे नोंदी पाठविण्याचा उत्साह आपल्याकडे कमी आहे. आयुर्वेदाला दुष्परिणाम नाहीत, हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की दुष्परिणाम लिहून पाठविणे हा शास्त्रद्रोह वाटू लागला. चरकाचार्यांनीच युक्तीने वापरलेले तीक्ष्ण विषही औषध ठरते आणि अयुक्तीने वापरलेले औषधही विषासमान होते, असे बजावून ठेवले आहे. ज्या शास्त्राने हे इतक्या स्पष्टपणे सांगितले, त्याच्या अनुयायांना नोंदवहीची भीती वाटू नये.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या रुग्णालयात एक औषधनिर्माता नेमला. दिवसातून दोन-तीन वेळा तो आमच्या कक्षाचे दार ढकलून चिठ्ठी पुढे करतो. प्रारंभी आम्हांला त्याचा राग येत असे. आता ज्या दिवशी तो येत नाही, त्या दिवशी सायंकाळी आम्हीच खिडकीपाशी जाऊन “आज काही विचारायचे राहिले नाही ना?” असे विचारतो.